पारगावच्या फडावर

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एस.टी.त बसून ‘दोन पारगाव द्या’ म्हटले, तर जाणता कंडक्टर आधी विचारतो, ‘कुठलं पारगाव?’ आम्हाला तसे कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, कारण पारगावे एकाहून जास्त आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हते. पिंपरीहून निघालो तेव्हा आमच्या सौ.नी खिडकीची जागा धरली आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून दिले. २०२३ सालापासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आहे. ही सवलत जणू आपणच मंजूर करून आणली अशा थाटात आमच्या सौ. कंडक्टरकडे पाहतात. नारायणगाव येईपर्यंत डबा उघडायचा नाही, असेही त्यांनी आम्हाला बजावले.

नारायणगावाला दुसरी गाडी धरली आणि पारगावात पोचलो. पाटीवर पारगावच लिहिलेले होते. चहाच्या टपरीवर विचारले, ‘दादा, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या कुठे पडल्यात? कारखान्याच्या बाजूला आहेत म्हणे.’ टपरीवाला हसला. ‘बाबा, हे आळ्याचं पारगाव. जुन्नर तालुका. कारखान्याचं पारगाव आंबेगावात, घोड नदीकडं. तुम्ही मंचरला उतरायला पायजे होतं.’ आंबेगावातच आणखी एक पारगाव ‘तर्फे खेड’ नावाचे आहे, तिकडे मात्र चुकून जाऊ नका, असेही त्याने सांगितले. तर्फ म्हणजे जुन्या राजवटीतला महसुली भाग. राजवट गेली, तर्फ गेली, पण गावाच्या नावामागे ती अजून चिकटून आहे आणि आमच्यासारख्याला दोन तास हिंडवते.

शेवटी एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून योग्य पारगावाकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. मध्येच टोमॅटोचे मांडव, कांद्याचे वाफे, की परत ऊस. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणे कुकडी प्रकल्पात झाली आणि त्यांच्या कालव्यांनी ह्या दोन तालुक्यांच्या पूर्व भागाचा रंगच बदलला. जिथे पाणी आले तिथे ऊस आला, उसामागे कारखाने आले. आंबेगावच्या पारगावाजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे आणि जुन्नरकडे विघ्नहर कारखाना. आणि कारखाना पेटला की दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून माणसांनी, भांड्यांनी, लेकरांनी आणि शेळ्यांनी भरलेल्या गाड्या ह्या रस्त्याने येतात. आमचा साडू आणि आमच्या सौ.ची धाकटी बहीण अकरा हंगाम अशाच गाड्यांतून गेले. त्यांची मुलगी, आमची भाची, हीच आम्हाला आज इथे बोलावून बसली होती.

आता त्या भाचीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण आमचा हा प्रवास काही हौसेचा नव्हता. पोरीने वसतिगृहात राहून बी.एस्सी. नर्सिंग केले. आमच्या दोन्ही घरांत ती पहिली पदवीधर. पिंपरीत एका दवाखान्यात नोकरीला लागली. सरकारी परिचारिकेच्या भरतीचा फॉर्म भरायचा म्हणून आम्ही कागदपत्रे गोळा करतो आहोत, तर ही म्हणते, ‘काका, मला पुढे शिकायचंय. सार्वजनिक आरोग्य आणि उपयोजित मानवशास्त्र. दोन्ही पदव्या, एकदमच.’ आम्ही गप्प. सौ. म्हणाल्या, ‘एक पदवी घेताना तुझ्या आईचे कान मोकळे झाले, आता दोन?’ आम्ही विचारले, मानवशास्त्र म्हणजे काय ग? कवट्या आणि हाडे मोजायची विद्या ती? आणि सार्वजनिक आरोग्य म्हणजे डी.डी.टी. मारणे?

तिला राग आला असावा, पण ती आमच्याशी वाद घालत नाही. एवढेच म्हणाली, ‘मी रजा काढून पारगावला जाणार आहे, तोडकामगार बायकांच्या आरोग्याचे फॉर्म भरायला. तुम्ही दोघं दोन दिवस या. मग बोलू.’ आणि जाता जाता दारातून म्हणाली, शिक्षणाचे कर्ज काढावे लागले तर बँकेला जामीनदार लागेल, तो काका तुम्ही व्हाल का. म्हणजे आम्ही तपासणीला निघालो होतो असे म्हटले तरी चालेल. पेन्शनीवर चालणारे आमचे घर आहे आणि सही करायची म्हणजे घराचे कागद त्या सहीमागे उभे राहतात.

कापून मोकळ्या झालेल्या रानात तीसेक कोप्या उभ्या होत्या. बांबूच्या कामट्या वाकवून वर चटई, वाढे आणि फाटकी ताडपत्री टाकायची, की कोपी झाली. आत जाताना कमरेत वाकावे लागते. ही टोळी कोणत्या कारखान्याची आणि मुकादम कोण, ते आम्ही मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर त्या माणसांची पुढच्या सालची उचल बंद व्हायची, आणि दुसरे असे की पश्चिम महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत कोणत्याही फडावर गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच दिसते.

ज्या वाचकांच्या घरात ऊसतोड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको ही दोन माणसे नसतात. दोघे मिळून एक ‘कोयता’. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो, ती टनावारी फेडायची. उचल नवऱ्याच्या हातात येते, फेडायला दोघे लागतात. एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो, तो हिशेबात कापला जातो. तोडायचे, मोळी बांधायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. आम्ही मुक्कामाला होतो त्या रात्री दोन वाजता ट्रॅक्टर आला. आम्हाला वाटले कोणीतरी आजारी पडले, म्हणून हाका मारताहेत. सगळ्या कोप्या उठल्या. थंडी अशी की आम्ही शालीतून हात बाहेर काढला नाही, आणि बायका पाय उघडे टाकून मोळ्या वाहत होत्या. तासाभरात भरून गाडी गेली, बायका परत येऊन निजल्या आणि पाचला चुली पेटल्या.

दुपारी भाची एका बाईजवळ बसून फॉर्म भरत होती. आम्ही बाजूला बसून ऐकत होतो. छापील प्रश्न होता, घरात शौचालय आहे का? बाई म्हणाली, ‘हाय की.’ आम्हाला बरे वाटले. पण भाचीने खूण केली नाही. पेन खाली ठेवले आणि विचारले, ‘मावशी, कुठं हाय ते?’

‘गावाकडं. सरकारनं बांधून दिलंय. त्यात कडबा ठिवलाय.’

‘अन् इथं?’

बाईने उभ्या उसाकडे हात केला.

‘अन् ऊस तुटून गेल्यावर?’

बाईने पदर तोंडाला लावला. ‘मंग अंधार पडायची वाट बगायची. पानीच कमी प्यायचं, ताई.’

आमच्या सौ. त्या ठिकाणाहून उठून गेल्या. त्यांनीही चाळीत लहानपणी अंधाराची वाट पाहिली आहे, हे आम्हाला लग्नाला एवढी वर्षे झाल्यावर त्या दिवशी कळले.

संध्याकाळी भाचीने समजावून सांगितले. फॉर्म मुंबईला गेला असता तर त्या बाईच्या नावापुढे ‘शौचालय: होय’ असे छापून आले असते. बाई खोटे बोलली नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे घर वेगळे आणि बाईचे घर वेगळे. सहा महिने ज्या कोपीत काढायचे तिला ती बाई घर म्हणतच नाही. पाणी कमी प्यायले की लघवीचे विकार होतात, हे परिचारिका सांगू शकते. असे किती बायकांना होते हे सार्वजनिक आरोग्य शिकलेला मोजून सांगेल. पण त्या पाणी का पीत नाहीत, हे कळायला कोपीत बसावे लागते, त्यांच्या बोलीत बोलावे लागते आणि चूल विझेपर्यंत थांबावे लागते. मानवशास्त्राचे लोक तसेच करतात. लोकांत राहतात, पाहतात, ऐकतात, लिहितात. आणि ‘उपयोजित’ म्हणजे ते लिहिलेले पुस्तकात न ठेवता कामाला लावायचे. पोरगी म्हणाली, ‘काका, ह्यातलं एकच शिकले तर मी अर्धीच राहीन.’

ह्या दोन विद्या एकाच शिक्षणक्रमात जोडून देणारी विद्यापीठे परदेशात आहेत. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातल्या टॅम्पा शहरी जे विद्यापीठ आहे तिथे उपयोजित मानवशास्त्राची एम.ए. १९७४ सालापासून आहे, आणि तिच्याबरोबर सार्वजनिक आरोग्याची पदवी जोडून घेता येते. आपल्याकडे असा जोडशिक्षणक्रम आमच्या पाहण्यात आला नाही, पण ह्या वाटेने चाललेली माणसे आपल्याकडे आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० साली जामखेडला बसले. त्यांनी खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले, आणि त्यांत दलित घरांतल्या, कधी शाळेत न गेलेल्या बायका होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हातून गावाने बाळंतपणे करून घेतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथेच शिकले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. त्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावरचे किंवा गर्भाशयाचे काही ना काही दुखणे होते, आणि आधी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठच होत्या. बायका दुखणे सांगत नव्हत्या, कारण विचारणारे कोणी नव्हते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना आमचा हात थोडा थांबतो. पण कुटुंबाच्या पानावर हे नाही लिहायचे तर कोठे लिहायचे?

दुसऱ्या कोपीत एक बाई होती, वय फार तर तिशीचे. भाचीने विचारले, काही ऑपरेशन झाले आहे का. ‘पिशवी काढलीया.’ कशासाठी? ‘गाठ झाली म्हणले. कॅन्सर होईल म्हणले.’ फॉर्मवर कारण लिहिले गेले: गाठ. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच बाईच्या चुलीपाशी आमच्या सौ. भाकरी थापायला बसल्या आणि बोलता बोलता ती बाई म्हणाली, सासूची काढलेली, दोन्ही जावांची काढलेली. पाळीचे चार दिवस फडात कसे काढायचे? कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, आणि घरी बसले तर खाडा. लेकरे तीन झाली, आता पिशवी ठेवून करायचे काय? ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून घेतले, ते पुढच्या सालच्या उचलीत धरले. कालची गाठ खोटी नव्हती. पण गाठीच्या मागे एवढे सगळे उभे होते.

ही एका बाईची गोष्ट नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजार ३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहा बायकांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात ३ च्या थोडे वर होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलेले असले तर पंचविशी-तिशीतच बाईला रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, पाठ आणि गुडघे धरतात. आणि तिला तर मोळी उचलायची असते. पुढे स्वर्गीय गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना निघाली. चांगले आहे. पण फडावर आडोसा उभा करायला कोणत्या महामंडळाची वाट पाहावी लागते, हे आम्हाला समजले नाही.

आणि ही गोष्ट आमच्या घरातलीही आहे. सौ.च्या बहिणीची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. आम्ही भेटायला गेलो होतो, फळे नेली होती. ‘बायकांचं दुखणं’ एवढेच आम्हाला सांगितले गेले आणि आम्ही तेवढेच ऐकले. का काढली, कोणी सांगितले, पैसे कोठून आणले, हे आमच्यापैकी एकाने विचारले नाही. गिरणी-कारखान्यांच्या संपावर आम्ही तासन्‌तास बोललो आहोत, पण हा प्रश्न आम्हाला कधी कामगारांचा प्रश्न वाटला नाही.

कवट्या मोजण्याविषयी भाचीला आम्ही जे बोललो होतो त्याचे उत्तर तिने रात्री शेकोटीपाशी दिले. म्हणाली, काका, तुम्ही बोललात ते अगदीच खोटे नाही. इंग्रजी अमदानीत रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या लोकांची नाके मोजवली आणि नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरवू पाहिली. पण तीच नाकाची मापे बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरच्या आपल्या ग्रंथात घेतली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. त्यांचीच मापे त्यांच्यावर उलटवली. आणि तुम्हाला हे ठाऊक आहे का, की बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा पहिला निबंध कोठे वाचला?

आम्ही म्हणालो, कोलंबिया विद्यापीठात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ‘पण कोणत्या वर्गात?’ ते मात्र आम्हाला सांगता आले नाही. दरवर्षी १४ एप्रिलला भाषण करतो, तरी नाही. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी तो निबंध वाचला तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवाद-वर्गात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, पण जात समजून घ्यायला मानवशास्त्राच्या वर्गात जाऊन उभा राहिला. आणि त्या निबंधात काय आहे? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्या बायकांवर लादलेल्या गोष्टी लागतात. भाची म्हणाली, ह्या फडावर पोरींची लग्ने लवकर का लागतात ते विचारून पाहा. कोयता जोडीचाच लागतो आणि तरण्या पोरीला गावात एकटी ठेवता येत नाही. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन लेकरे, पंचविशीनंतर पिशवी. आम्ही शेकोटीत पाचट सारत बसलो.

शेकोटी मोठी ठेवायची असते, ते नुसत्या थंडीसाठी नाही. उसात बिबट्या राहतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके येतात आणि बिबट्यासाठी हा भाग साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ऊस वर्षभर उभा, पाणी जवळ, कुत्री-शेळ्या मिळतात. मादी उसातच पिल्ले घालते आणि ती पुष्कळदा तोडीवाल्यांच्याच नजरेस पडतात. कोपीला दार नसते, म्हणून लेकरांना मधोमध निजवतात. २००१ नंतर ह्या भागात हल्ले वाढले तेव्हा माणसे बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडा म्हणत होती, सोडलेही गेले. विद्या अत्रेय ह्या अभ्यासक बाईंनी ह्याचा मागोवा घेतला, तेव्हा असे दिसले की बिबटे उचलून दुसरीकडे सोडल्याने उपद्रव कमी होण्याऐवजी वाढतो. सापाचेही तसेच. उसात साप फार. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत ह्यांनी सर्पदंशाच्या उपचारांत आयुष्य घातले आहे. विषावरची लस दवाखान्यात असते, पण माणूस आधी मांत्रिकाकडे गेला तर घडी निघून जाते. तो तिकडे का जातो हे समजून घेणे हेही लसीइतकेच कामाचे आहे.

येताना लेण्याद्रीला जायचे आमच्या सौ.च्या मनात होते, वेळ झाला नाही. पण जुन्नरच्या बौद्ध लेण्यांविषयी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिथल्या शिलालेखांत दानांची यादी आहे. कोणी लेणे दिले, कोणी शेत दिले. एका यवनाने, म्हणजे बाहेरून आलेल्या परदेशी माणसाने, दोन ‘पोढी’ दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वी पिण्याच्या पाण्याची सोय हे नाव कोरून ठेवण्याजोगे दान होते. आणि आज त्याच तालुक्याच्या शेजारी फडावरची बाई पाणी कमी पिते.

पैशाविषयी लिहितो, कारण वाचकांच्या घरांतही अशी पोरे-पोरी असतील. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना आहे. पण तिला जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठांतच प्रवेश मिळालेला चालतो, आणि टॅम्पाचे विद्यापीठ त्या यादीत बसत नाही. केंद्र सरकारचीही परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिचे नियम २०२२ साली बदलले आणि भारताची संस्कृती, इतिहास व भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले. म्हणजे आमची भाची परदेशात जाऊन यंत्रांवर शिकली तर पैसे आहेत, ऊसतोड बायकांवर शिकली तर नाहीत. १९१६ सालचा तो निबंध आजच्या नियमात बसला असता का, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

पण पोरगी हट्टी. तिने दुसरी वाट काढली आहे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली. एक वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने, असेही चालते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. मानवशास्त्राची एम.ए. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरबसल्या करता येते. तिने दोन्हींचे माहितीपत्रक फायलीत लावून ठेवले होते, आमच्यापुढे ठेवले. ज्या संस्थेत जायचे तिचे स्वतःचे नियम आधी विचारून घ्यावेत, जातीचा दाखला, जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, हे आम्ही आमच्या अनुभवावरून सांगतो. सवलती कागदावर असतात आणि दाखला नसला की कागदावरच राहतात. वसतिगृह मिळाले नाही तर समाजकल्याण खात्याच्या स्वाधार योजनेची चौकशी करावी. देवनारची फी आमच्या भाचीच्या पगारातून सुटणार नाही, कर्ज काढावेच लागेल, पण ते परदेशाच्या मानाने पुष्कळ कमी आहे.

निघताना आम्ही तिला विचारले, सरकारी भरतीचे काय? म्हणाली, ‘फॉर्म भरते काका, तो सोडत नाही. पण तोवर हे.’ हे उत्तर आम्हाला पटले की नाही ते अजून ठरत नाही. नोकरी ही आपल्या घरांत फार मोठी गोष्ट आहे, आणि जे नोकरीला तुच्छ लेखतात त्यांची चूल दुसऱ्या कोणीतरी पेटवलेली असते. सौ. मात्र जीपमध्ये बसण्याआधीच म्हणाल्या, ‘सही करून टाका.’

सही केली. बँकेने आणखी तीन कागद मागितले आहेत, त्यांतला एक आमच्याकडे नाही, तो काढायला पालिकेत चकरा चालू आहेत.

परत आल्यावर सौ.नी बहिणीला फोन लावला. पारगावची सगळी हकीकत सांगितली, ट्रॅक्टर, भाकऱ्या, ती तिशीची बाई. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, ‘अक्का, एवढ्या बायकांना विचारती म्हन्तीस. मला नाही ग कधी विचारलं तिनं.’

येत्या रविवारी ती पिंपरीला येणार आहे. सौ.नी भाचीला सांगून ठेवले आहे, त्या दिवशी ड्यूटी घेऊ नकोस, आणि फॉर्म घरीच ठेवून ये.